बरण्यांतलं लाल पाणी

टेंभी नाका, ठाणे
१४ मार्च १९५५

चि. महिपत,

आशीर्वाद पाठवतो आहे. नको असतील तर उलट टपाली परत करावेत, इथे त्यांचा तुटवडा आहे.

तुझ्याविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे. सात वर्षांच्या अबोल्यानंतर पत्र लिहायला ती पुरेशी आहे की नाही, हे तू ठरव. तक्रार अशी, की तुझ्या बंगळूरच्या संस्थेने माझ्या घरातलं लोणचं बेघर केलं आहे. तुझ्या वहिनीच्या तीन चिनी मातीच्या बरण्या आज सकाळी रिकाम्या झाल्या. त्यांतली मोठी आपल्या आईची, हे तुला आठवत असेलच. चिंचेने घासून त्या उन्हात पालथ्या घातल्या आहेत आणि लोणचं शेजाऱ्यांच्या दोन बाटल्यांत निर्वासितासारखं दाटीवाटीने बसलं आहे. कैऱ्यांचे दिवस तोंडावर आले. नवं लोणचं कुठे घालायचं, हा प्रश्न तुझ्या वहिनीने, कमळाबाईंनी, माझ्यापुढे टाकला आहे, मी तो तुझ्यापुढे टाकतो. 'नमुन्याचे पाणी काचेच्या किंवा चिनी मातीच्या, घट्ट झाकणाच्या भांड्यात आणावे' असं संस्थेच्या पत्रात स्वच्छ लिहिलं आहे आणि खाली सही तुझी आहे. तेव्हा आरोपी तूच.

आता ते पत्र माझ्या घरात कसं आलं, ते सांगतो. पदवी व्हायच्या आत विज्ञानाच्या मुलांनी उन्हाळ्याची सुट्टी एखाद्या संशोधकाच्या हाताखाली घालवावी, त्यांचा गाडीभाड्याचा आणि जेवणाखाण्याचा खर्च मुंबईच्या एका गिरणीवाल्याच्या ट्रस्टने करावा, अशी जी योजना तुम्ही काढली आहे, तीत यंदा निवडलेल्यांपैकी एक नाथा राघो म्हात्रे. तो कळव्याचा, आणि माझा विद्यार्थी. मॅट्रिकपर्यंत मी त्याला संस्कृत शिकवलं. हल्ली मुंबईला ज्युनिअर बी. एस्सी.ला आहे. मी तुला शिफारस लिहिली नव्हती, लिहिणं शक्यही नव्हतं. आपण दोघे बोलत नाही, याचा जगाला झालेला हा पहिला फायदा. वशिल्याचा आरोप कोणी करू शकणार नाही.

नाथाचं घर खाडीकाठच्या मिठागरातलं. बाप राघो आणि आई सगुणा दुसऱ्याच्या आगरात राबतात. हा मुलगा माझ्या वर्गात पहिल्यांदा उठून उभा राहिला, तेव्हा मी समुद्राला 'रत्नाकर' का म्हणतात ते सांगत होतो. तो म्हणाला, "मास्तर, कशावरून? आमच्याकडे तर नुसतं मीठ निघतं." मी त्याला बाकावर उभा केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा हात वर. एकूण पाच वर्षं हा मुलगा 'कशावरून' म्हणत राहिला आणि मी उत्तरं शोधत राहिलो. शेवटी शेवटी मला त्याची चटक लागली होती, हे तुझ्याजवळ कबूल करायला हरकत नाही. लहानपणी तूही असाच होतास. फक्त तुला बाकावर उभं करायला मी नव्हतो.

त्याचा विषय तुला कळलेलाच आहे. आगरातलं पाणी मीठ धरायच्या आधी विटेसारखं लाल होतं. तिथली माणसं म्हणतात, पाणी पिकलं. नाथा म्हणतो, इतक्या खाऱ्या पाण्यात काही जगू नये, पण त्यात काहीतरी जिवंत आहे आणि लाली त्याचीच. कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकातून त्याने ते बघितलं आहे म्हणे. तुझ्याकडे ते वाढवून दाखवायचं. तू 'काम समाधानकारक' एवढं लिहिलंस, तर ट्रस्ट त्याला एम. एस्सी.पर्यंत पोसणार. नाही लिहिलंस तर पुढल्या वर्षी पदवी आणि लगेच नोकरी, कारण पाठीमागे दोन बहिणी आहेत.

त्याच्या बापाची परवानगी घ्यायला मी स्वतः कळव्याला गेलो होतो. उन्हाळा म्हणजे त्यांची सुगी. मीठ ओढायला घरचा प्रत्येक हात लागतो. राघो फावड्यावर हनुवटी टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "मास्तर, येक हंगाम दिला पोऱ्याला. दुसरा मांगू नको." ही माणसं देवालाही अरेतुरे करतात, तेव्हा मला त्यात मानच वाटला.

मुलगा चांगला आहे. त्याला सांभाळ. बरण्यांनाही.

विठ्ठल


ठाणे, २६ एप्रिल १९५५

चि. महिपत,

तुझं उत्तर पोचलं. टंकलिखित असलं तरी उत्तर होतं. 'आपल्या विद्यार्थ्याची योग्य ती काळजी घेतली जाईल' हे वाक्य मी कमळाबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "भाऊजी पत्रातही इस्त्रीचे कपडे घालतात वाटतं."

नाथा काल निघाला. उद्या परवा तुझ्यासमोर उभा राहील. तोवर त्याच्या प्रस्थानाचा वृत्तांत ऐक.

परवा सकाळी तो तिन्ही बरण्या भरून घेऊन आला. पाणी असं लाल, की मला क्षणभर होमकुंडाची आठवण झाली. बरण्या स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवून तो आईबापांचा निरोप घ्यायला परत कळव्याला गेला आणि मी शाळेत. संध्याकाळी दोघेही परतलो, तर घरात एक अघटित घडलेलं. तुझ्या वहिनीने नाथाचं पान आत मांडलं होतं, माझ्या पाटाशेजारी.

तुला हे घर माहीत आहे. माझे विद्यार्थी आजवर ओटीवर जेवले आणि आपापलं पान उचलून विहिरीशी धुऊन गेले. यावर मी वर्गात उदार व्याख्यानं दिली आहेत, घरात एक अक्षर बोललेलो नाही. परवा कोणी न सांगता तिने पाट मांडला. वर मला म्हणते, "विद्येला निघालाय, त्याला काय दाराबाहेर वाढायचं?" नाथा इतका ताठ बसला होता की पाटाला कळ लागली असेल. जेवण झाल्यावर सवयीने ताट उचलायला वाकला, तर ही म्हणाली, "राहू दे रे, मी उचलते."

तो तसाच वाकलेला राहिला. मी पाण्याचं भांडं तोंडाला लावलं आणि बराच वेळ पाणी प्यालो.

पुण्याकडची गाडी कल्याणला धरायची, म्हणून मी कल्याणपर्यंत सोबत गेलो. वाटेत त्याने मला नेहमीप्रमाणे छळलं. खारट आणि तुरट यांत फरक कशावरून करायचा, जीभ नसलेल्या प्राण्याला खारट कळतं की नाही, वगैरे. कल्याणच्या फलाटावर त्याने मोठ्या बरणीच्या झाकणावरच्या फडक्याचा दादरा सोडला, आत पाहिलं, पुन्हा बांधला. मग दुसरी. तिसरी उघडलीच नाही. तेव्हापासून गाडी येईपर्यंत गप्प. घर सोडताना होतं माणसाचं असं. गाडी हलली तेव्हा खिडकीतून म्हणाला, "मास्तर, काकूंना सांगा, जेवण फार चांगलं झालं."

सांगितलं. कमळाबाई दिवसभर खुशीत आहेत.

विठ्ठल


ठाणे, १९ मे १९५५

चि. महिपत,

तुझं पत्र आणि नाथा एकाच दिवशी आले. पत्र सकाळी, नाथा दुपारी. तुमच्याकडचा कार्यक्रम जूनच्या मध्यापर्यंत होता ना?

तुझं म्हणणं मी नीट वाचलं. तिन्ही बरण्यांत जिवंत असं काही नव्हतं. लाल रंगही नव्हता, फिकट खारं पाणी होतं. तुझ्या मते ते पाणी गाळलेलं आणि चांगलं उकळलेलं होतं. तू त्याला तीन वेळा विचारलंस, पाण्याचं काय केलंस, आणि तो तीनही वेळा 'माझ्याकडून चूक झाली' यापलीकडे बोलला नाही. तेव्हा एकतर मुलगा निष्काळजी आहे किंवा त्याने काही बघितलंच नव्हतं आणि सगळं रचलं होतं. दोन्ही गोष्टींत त्याच्यासाठी तुझ्याकडे जागा नाही. तिथे आता म्हैसूरकडचा एक विद्यार्थी घेतला आहे.

तुझा तर्क निर्दोष आहे. मी आयुष्यभर तर्क शिकवला, निर्दोष तर्काची मला धास्ती वाटते.

मीही त्याला विचारलं. ओटीवर बसला होता, बरण्या शेजारी, तिन्ही धड, झाकणांसकट. मी म्हटलं, कसली चूक? तो म्हणाला, "चूक झाली, मास्तर." मी म्हटलं, तू ते उकळलंस? तो पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. पाच वर्षं ज्याने मला धड एक श्लोक सरळ शिकवू दिला नाही, त्याचं हे मौन. कमळाबाई आतून पन्हं घेऊन आल्या आणि विचारू लागल्या, भाऊजी कसे आहेत, वाळले का, पाणी आवडलं का त्यांना. नाथा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "हो काकू, आवडलं."

या मुलाने माझ्यासमोर उच्चारलेलं हे पहिलं असत्य. का, ते मला कळलेलं नाही. तू घाई करू नकोस, मी शोध घेतो आहे.

विठ्ठल


ठाणे, ३० मे १९५५

महिपत,

शोध लागला. तो मी लावला नाही, माझ्या पानात वाढला गेला.

काल नवं लोणचं पहिल्यांदा काढलं. बरण्या परत आल्या, तेव्हा ते आता सन्मानाने आईच्या बरणीत आहे. मी म्हटलं, यंदा मीठ फार छान लागलं आहे. यावर तुझी वहिनी इतकी लाजली की मला वाटलं, चुकून तिचीच स्तुती केली. म्हणाली, "ते नाथाच्या पाण्याचं मीठ आहे."

मी हातातला घास खाली ठेवला. मग तिने अगदी आनंदाने सगळं सांगितलं. बरण्या दाराशी होत्या त्या दुपारी तिने झाकण काढून पाहिलं, तर पाणी लाल, वास कुजका, वर तवंग. पोर एवढ्या लांब विद्येसाठी निघालंय, पहिल्यांदाच गुरूसमोर उभं राहणार, आणि हातात हे असलं नासकं पाणी. त्याच्या घरी कोण बघणार या गोष्टी, आई बिचारी दिवसभर उन्हात. म्हणून हिने आपल्या धुवट लुगड्याच्या पदराने पाणी दोनदा गाळलं, मोठ्या पातेल्यात खळखळून उकळलं, निववलं, बरण्या पुन्हा घासल्या आणि भरून ठेवल्या. पातेल्याच्या तळाशी जे मीठ बसलं, ते टाकवेना. गुरूकडे निघालेल्या पाण्याचं मीठ, म्हणून लोणच्याला ठेवलं.

"कोणाला सांगितलं नाही मी," ती म्हणाली. "केलेलं काय बोलून दाखवायचं?"

म्हणजे कल्याणच्या फलाटावर दादरा सोडला, तेव्हाच नाथाला कळलं होतं. कळव्याला परत जाऊन नव्याने पाणी भरायला वेळ होता. एक दिवस उशीर झाला असता, तुला तार केली असती. पण नवं पाणी कशाला, हे या घरात सांगावं लागलं असतं. तो काही न बोलता ते तीन बरण्या मेलेलं पाणी घेऊन बंगळूरला गेला आणि तिथेही बोलला नाही.

मी आज कळव्याला जाऊन त्याला गाठलं. तो बापाबरोबर मिठाच्या राशीवर गवत शाकारत होता, पावसाच्या आधी हे उरकावं लागतं. मी म्हटलं, मला सगळं कळलं आहे, तू साहेबांना खरं का सांगितलं नाहीस?

तो म्हणाला, "काकूंनी माझं ताट उचललं, मास्तर."

एवढंच. आणि पुन्हा गवत उचललं.

आता तुला सगळं माहीत आहे. या घरातली हकीकत मी तुला लिहून कळवतो, याचा अर्थ तुला समजेल. आईच्या बाराव्याला भरल्या पंगतीत तू वैद्यबुवांच्या पुड्यांनीच आई गेली असं जे बोललास, ते चूक होतं असं मी कधीच म्हटलेलं नाही. ते तिथे बोललास, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे. पण आज तुझ्यासारख्याच माणसाची गरज आहे. मुलाला परत बोलाव. आगरात अजून थोडं लाल पाणी आहे. पाऊस आला की खाडी सगळं धुऊन नेईल.

विठ्ठल


ठाणे, ११ जुलै १९५५

चि. महिपत,

तुझं पत्र या वेळी हाताने लिहिलेलं होतं. कमळाबाईंनी पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि ते देवाजवळ ठेवलं होतं. आतला मजकूर मी त्यांना वाचून दाखवला नाही.

तू लिहितोस, या उन्हाळ्याची जागा गेली ती गेली. पुढल्या उन्हाळ्यासाठी नाथाचं नाव समितीपुढे ठेवायला तू तयार आहेस. मात्र पाण्याचं काय झालं, हे नाथाने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या सहीने दिवाळीच्या आत लिहून द्यायला हवं. माझं पत्र चालणार नाही. 'नमुना बिघडणं हा गुन्हा नाही, दर आठवड्याला कोणाचा तरी बिघडतो. पण बिघडलेला नमुना चांगला म्हणून पुढे ठेवणारा आणि विचारल्यावर गप्प बसणारा विद्यार्थी मी प्रयोगशाळेत घेतला, तर उद्या त्याच्या कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवू?' हे तुझं वाक्य.

मी या वाक्याशी चार दिवस भांडलो. पूर्वपक्ष केला, उत्तरपक्ष केला. माझ्या हाती काही लागलं नाही. तू बरोबर आहेस. याचंच दुःख आहे, कारण तू चूक असतास तर मी तुला चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो.

रविवारी नाथाला बोलावून अट सांगितली. त्याने पूर्ण ऐकून घेतली आणि विचारलं, "त्यात काकूंचं नाव लिहावं लागेल?"

मी म्हटलं, नाव कशाला, 'ज्या घरी उतरलो होतो तिथे' असं लिही.

"साहेब त्या घरचेच आहेत, मास्तर. समितीत सगळे विचारतील, कोणाचं घर. साहेबांना सांगावं लागेल, माझ्या वहिनीने." आणि मग, "मी त्या घरात जेवलोय."

मी म्हटलं, अरे गाढवा, हा तुझ्या जन्माचा प्रश्न आहे. तिला कळणारही नाही, बंगळूर कुठे आणि हे स्वयंपाकघर कुठे.

तो म्हणाला, "मला कळेल ना."

आतून कमळाबाई विचारत होत्या, नाथा आलाय का, थालीपीठ लावू का. त्याने इतक्या लगबगीने 'हो काकू' म्हटलं, की पुढे बोलणं सरलं.

दिवाळीला अवकाश आहे. मी प्रयत्न सोडलेला नाही.

विठ्ठल


ठाणे, ४ डिसेंबर १९५५

चि. महिपत,

दिवाळी येऊन गेली. नाथाने काही लिहिलं नाही, हे तुला माझ्याआधी कळलं असेल. तू मुदतीनंतरही काही दिवस त्याचं नाव यादीत राहू दिलंस, असं तुझ्या पत्रावरून दिसतं. ते तुझ्या शिस्तीत बसणारं नव्हतं. नोंद घेतली आहे.

तुझा प्रश्न सरळ आहे: वहिनीला का सांगितलं नाही? तिला कळलं असतं, तर तिने स्वतः नाथाला हाताला धरून लिहायला बसवलं असतं. अगदी खरं आहे. शाळेच्या वाटेवर रोज मी हाच विचार करतो आणि घरात शिरताना चपलांबरोबर तो बाहेर काढून ठेवतो.

तू तिला तितकासा ओळखत नसशील, मी ओळखतो. पंचवीस वर्षांच्या संसारात तिने सोवळं एकदाच, आपल्या मनाने, बाजूला ठेवलं. त्या दिवसापासून नाथा आतच जेवतो. आता आमच्याकडे येणारी दुसरी मुलंही आत जेवतात. सहदेव म्हणून एक कोळ्याचा मुलगा येतो, त्याच्या ताटात ती मासे सोडून सगळं वाढते आणि वर त्याची माफी मागते. आता तिला जर मी सांगितलं, की ज्या दिवशी तू तो पाट मांडलास त्याच दिवशी तुझ्या हातून त्या मुलाचं शिक्षण बुडालं, तर ती माझ्यासारखा विचार करणार नाही. ती म्हणेल, हे भोवलं. तिच्या माहेरची पन्नास माणसं तेच म्हणतील. आणि तो पाट पुन्हा भिंतीला टेकेल, सहदेव ओटीवर जाईल.

मी दोन गोष्टी तराजूत घातल्या आणि एक उचलली. उचलण्याचा अधिकार मला कोणी दिला होता, असं नाथाने विचारायला हवं होतं. त्याने विचारलं नाही.

आणखी एक बातमी. आगर विकलं गेलं. मालकाने एका कारखानदाराला दिलं. भराव घालायला मुरूम येतो आहे, बैलगाड्या आणि ट्रक दोन्ही. खाडीचं पाणी आत घेण्याची उघाडी बुजवली. राघोने मला बोट करून दाखवलं, कोणता वाफा कुठे होता. मला सगळीकडे सारखाच मुरूम दिसत होता. तेव्हा पुढल्या उन्हाळ्याला बोलावलं असतंस, तरी बरणीत भरायला काय होतं, असं मी स्वतःला समजावतो. दुसरीकडे आगरं आहेत, हे मला ठाऊक आहे. तू लिहायची गरज नाही.

विठ्ठल


ठाणे, रविवार, १७ जून १९५६

चि. महिपत,

तू पाठवलेली काचेची बरणी सुखरूप पोचली. झाकण इतकं घट्ट बसतं, की उघडायला शेजारचे दोघे बोलवावे लागले. तुझ्या वहिनीने तीत अजून काही घातलेलं नाही, कपाटात दर्शनी ठेवली आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, भाऊजींच्या प्रयोगशाळेतली आहे. दिवाळीत खरंच येणार असशील, तर आधी कळव. डोंबिवलीला जागा स्वस्त म्हणून आमचे सगळे मास्तर तिकडे निघाले आहेत, मीही एक तुकडा बघून ठेवला आहे. तुला दाखवीन. तुझ्या मते तिथली माती कशी आहे, ते तू सांगशीलच, न विचारता.

नाथा पास झाला. दुसरा वर्ग. कल्याणच्या एका लाकडाच्या वखारीत त्याला नोकरी लागली आहे. ओंडके मोजायचे आणि चलनं लिहायची. राघो त्याच्या आगरावर उभ्या राहणाऱ्या कारखान्यात रखवालदार आहे. पूर्वी उभा राहायचा तिथेच उभा असतो, फावड्याच्या जागी काठी. पाठच्या बहिणीचं, शालूचं, लग्न ठरलं. या सगळ्यात रडण्यासारखं काही नाही, अशी घरं आपल्याकडे हजारो आहेत आणि नाथाचं त्यातल्या बऱ्याच घरांपेक्षा बरं चाललं आहे, असं लोक मला सांगतात. मी मान डोलावतो.

तू विचारलं होतंस, की आता तरी तो दुसऱ्या कुठल्या संशोधकाकडे अर्ज करील का, नावं द्यायला तू तयार आहेस. मी त्याच्यापुढे तुझं पत्र ठेवलं. त्याने वाचलं, घडी नीट घातली, परत दिलं. "बघू, मास्तर," म्हणाला. बघणार नाही, हे आम्हा दोघांनाही कळलं.

तो दर रविवारी येतो. आजही आला होता. हातात मिठाची पुडी, आता विकतची. आत पाटावर बसतो, आता ताठ बसत नाही. कमळाबाई त्याला वाढता वाढता नेहमीचा प्रश्न विचारतात, आणि आजही विचारला. "काय रे, त्या पाण्याचं पुढे काय झालं? भाऊजी काही कळवतात का?"

नाथा म्हणाला, "पाणी उत्तम होतं, काकू. साहेब म्हणाले, इतकं स्वच्छ पाणी कोणी आणलं नव्हतं."

त्या हसल्या आणि त्याच्या भातावर तूप सोडलं. तो खाली मान घालून कालवू लागला. एक वर्षापूर्वी 'हो, आवडलं' एवढं म्हणायला त्याला उठून उभं राहावं लागलं होतं. आज घाससुद्धा थांबला नाही.

दिवाळीत येशील तेव्हा तीच गोष्ट ती तुलाही विचारील. त्या वेळी काय बोलायचं, हे मी तुला सांगणार नाही. सांगावंसं वाटतं, पण सांगणार नाही.

जेवण झाल्यावर तो माझ्याजवळ ओटीवर बसला. मी मुद्दाम, खडा टाकून बघावा तसा, म्हणालो, यंदा पाऊस जोराचा लागणार, पंचांगात दिलं आहे. पूर्वी एवढ्यावर त्याने माझी संध्याकाळ खाल्ली असती. तो म्हणाला, "हो, लागेल."

तुला इतकी पत्रं लिहिली, त्यांत बरण्यांविषयी, लोणच्याविषयी, आगराविषयी पुष्कळ लिहिलं. खरी काळजी लिहायची राहिली. त्याच्या नोकरीचं मला फारसं वाटत नाही, पोट भरेल त्याचं. पण महिपत, हा मुलगा आता मला काहीच विचारत नाही. त्याला आमच्या घरात बसता येऊ लागलं आहे. तो आमच्यासारखा होत चालला आहे, आणि मला त्याची फार भीती वाटते.

विठ्ठल